भाऊसाहेबांची जागा

यान्बूत बर्फ पडत नाही. हे कळायला भूगोल शिकावा लागत नाही, मे महिन्याच्या दुपारी कंपनीच्या बसच्या दांड्याला हात लावला तरी पुरे. असं असूनही तांबड्या समुद्राकाठच्या त्या गावात, हिमकड्याखाली गाडली गेलेली माणसं हुडकून काढणाऱ्या पथकाचा एक प्रमुख राहत होता. रीतसर इकाम्यावर, म्हणजे सौदी सरकारच्या राहण्याच्या परवान्यावर होता आणि रत्नागिरीकडचा होता. त्याचं नाव बदरुद्दीन फणसोपकर. या गृहस्थानं जन्मात बर्फ पाहिला होता तो मिरकरवाड्याच्या बंदरावर, सुरमईच्या खोक्यात.

हे पद त्याच्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की सांगणाऱ्यानं भांग घेतली आहे. बदरुद्दीनची कंपनी युरिया बनवायची. बनलेला युरिया जहाज येईपर्यंत एका प्रचंड शेडमध्ये ओतून ठेवलेला असे. शेड एवढी लांब, की या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला शिवी दिली तर ती त्याला लागत नसे. आत पांढराशुभ्र डोंगर. समुद्राची दमट हवा लागली की त्या डोंगराच्या अंगावर कडक पापुद्रा धरायचा. खालून लोडर माल उपसत राही, वरचा पापुद्रा कड्यासारखा पुढे लोंबत राही, आणि एखाद्या दिवशी तो कडा सगळा माल घेऊन खाली यायचा. असाच एकदा तो गुणाजीच्या लोडरवर आला. गुणाजी म्हणजे माणगावकडचा लोडर ऑपरेटर, बदरुद्दीनचा यान्बूतला सगळ्यात जुना दोस्त. तो काचेच्या केबिनमध्ये सुखरूप होता. लोकांनी फावड्यांनी त्याला मोकळं केलं तेव्हा तो मोबाईलवर भजनं ऐकत बसला होता आणि जेवायची सुट्टी गेली म्हणून कुरकुरत होता.

पण कंपनी मोठी, त्यामुळे समिती बसली. समितीनं सल्लागार बोलावला, तोही थेट ऑस्ट्रियाहून. त्या देशात डोंगरावरून बर्फ सुटतो आणि माणसं गाडली जातात. मग गावकरी खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहतात, लांब बारीक कांबी बर्फात खुपसतात, काढतात, पाऊलभर पुढे सरकतात आणि पुन्हा खुपसतात. कांब दगडाला लागली तर टणक लागते, जमिनीला लागली तर रुतते, आणि माणसाला लागली तर किंचित दबून परत वर येते. तशी लागली की "लागलं!" म्हणून ओरडायचं, कांब तिथेच ठेवायची आणि खणायला घ्यायचं. हा सल्लागार तरुणपणी तेच करत असे. युरियाचा पांढरा डोंगर पाहून त्याला आपलं गाव आठवलं, डोळे पाणावले, आणि त्यानं अहवालात लिहून टाकलं की या कारखान्याला हिमकड्याच्या कांबी हव्यात.

कांबी आल्या. तांबड्या पिशव्यांत घडी घालून आल्या आणि प्रत्येक पिशवीवर बर्फाच्छादित शिखराचं चित्र होतं. कस्टमवाल्याला वाटलं हे मासेमारीचे गळ आहेत, आणि सुरुवातीला कोकणातल्या मंडळींनाही तेच वाटलं. खरं कळेपर्यंत दोन-चार कांबी समुद्रात जाऊन आल्या, एकीवर कॅम्पमधले गंजीफ्रॉक वाळू लागले आणि एक कुणाच्या तरी डिशच्या अँटेनाला टेकू म्हणून कायमची गेली. बदरुद्दीन तेव्हा स्टोअरकीपर होता. माल त्याच्या स्टोअरमध्ये उतरला म्हणून पावतीवर सही त्याची. सुरक्षा खात्याचा मॅनेजर इस्मत नावाचा तुर्की गृहस्थ होता. त्यानं विचारलं, "या वस्तू कोणाच्या ताब्यात आहेत?" कारकुनानं पावती पाहून बदरुद्दीनचं नाव सांगितलं. झालं! बदरुद्दीन पथकप्रमुख झाला. मोठमोठ्या नेमणुका याहून निराळ्या कारणानं होत असतील असं कोणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

आता बदरुद्दीन हा माणूस कामाला वाईट नव्हता, पण त्याला मानाची भारी हौस. स्टोअरमध्ये बोल्ट मोजण्यात मान कुठला? इथे लाल टोपी मिळाली, गळ्यात शिट्टी आली आणि पाठीवर इंग्रजी अक्षरांत 'लीडर' आलं. कांबींबरोबर आलेलं ऑस्ट्रियन पुस्तक त्यानं रात्रंदिवस वाचून पाठ केलं आणि पथकाला हिंदीत शिकवायला घेतलं. पुस्तकात लोकरीचे हातमोजे घाला असं होतं, म्हणून मागवले. पहिल्या सरावाला वीस माणसं त्या भट्टीत लोकरीचे हातमोजे घालून उभी राहिली. पुस्तकात होतं, तहान लागली तरी बर्फ खाऊ नये. बदरुद्दीननं गंभीर चेहऱ्यानं बजावलं, "कोई भी युरिया नहीं खाएगा." कोणी खाणारही नव्हतं, पण नियम तो नियम.

सरावाला गाडायला माणूस हवा म्हणून रबराचा एक पुरुषभर बाहुला आला. वजनदार, गुबगुबीत, अंगात नवाकोरा कामाचा पोशाख. गुणाजीनं त्याला एकदा उचलून पाहिलं आणि बारसं केलं. "हे भाऊसाहेब," तो म्हणाला. "काम काय करायचं नाय, कपडे नवे, आणि दरवेळी दुसऱ्यांनी उचलून न्यायचं." तेव्हापासून बाहुल्याला सगळे भाऊसाहेब म्हणू लागले. बांगलादेशी म्हणत, फिलिपिनो म्हणत, इस्मतच्या इंग्रजी अहवालातही एकदा तेच नाव पडलं.

पहिला सराव मात्र खराखुरा झाला. बदरुद्दीननं भाऊसाहेबांना डोंगरात कुठेतरी पुरलं आणि पथकाला सोडलं. पथकानं दिवसभर खुपसाखुपशी केली. भाऊसाहेब काही सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मुख्य म्हणजे कुठे पुरलं होतं ते आता बदरुद्दीनलाही सांगता येईना, कारण मधल्या वेळात लोडरवाल्यांनी अर्धा डोंगर इकडचा तिकडे केला होता. अखेर भाऊसाहेब आपणहून प्रकटले. जहाजाकडे माल नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून मालाबरोबर निघाले, थेट बंदरावर पोचले आणि जहाजाच्या तोंडाशी आडवे होऊन बसले. पट्टा बंद, जहाज खोळंबलं, कप्तानाला वाटलं खून झाला. इस्मतनं बदरुद्दीनला बोलावून जे सुनावलं त्याचं सार एवढंच होतं की कंपनीला शोधाशोध नको, सापडणं हवं आहे.

हे वाक्य बदरुद्दीननं मनावर घेतलं. पुढच्या सरावाला त्यानं भाऊसाहेबांना ईशान्य कोपऱ्यातल्या नवव्या खांबापाशी पुरलं. तिथे लोडर फिरत नसे, त्यामुळे हरवायची भीती नव्हती. महिन्यानं पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तिथेच. कांबींची पेटीही सोयीसाठी नवव्या खांबापाशी हलवली. शिट्टी वाजली की पथकानं तिथे जमायचं, तिथेच ओळ लावायची आणि तिथूनच सुरुवात करायची. पहिल्यांदा मंडळी थोडा लाजेखातर इकडेतिकडे खुपसल्यासारखं करीत. पुढे लाजही गेली. शोधायला लागणारा वेळ महिन्या-महिन्याला घटत चालला. इस्मतच्या खोलीत त्याचा आलेख लागला आणि तो घसरगुंडीसारखा खाली येताना पाहून धाहरानहून आलेल्या मोठ्या कंपनीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदा तर भाऊसाहेब शिट्टीच्या आधीच बाहेर काढले गेले होते, तेव्हा इस्मतनंच बदरुद्दीनला बाजूला घेऊन सांगितलं की इतकी प्रगती बरी दिसत नाही.

एक नियम मात्र बदरुद्दीननं स्वतःच्या अकलेनं घातला होता. एका सरावात मध्येच चहा आला आणि अर्धी ओळ कांबी टाकून चहाकडे पळाली, तीही पाहुण्यांच्या देखत. त्या दिवशी बदरुद्दीनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तेव्हापासून त्यानं पथकाला घोकून घेतलं होतं: नजर कांबीच्या टोकावर, कान शिट्टीकडे, आणि बाजूला कोणी काहीही ओरडलं तरी ओळ मोडायची नाही. चहावाला ओरडो, मॅनेजर ओरडो, नाहीतर आभाळ कोसळो. कांबीला माणूस लागेपर्यंत ओळ थांबणार नाही. ही शिस्त मात्र पथकात खरोखरीच बाणली.

घरी त्याचा तोरा विचारू नका. बायको साबिरा पाव्हण्यांना चहा देता देता त्याची लाल टोपी मुद्दाम खुंटीवरून काढून झटकायची. "आमच्या ह्यांच्याशिवाय तिकडे कुणाचं पान हालत नाही," असं ती फोनवर नणंदेला सांगायची आणि हा पलीकडच्या खोलीत ऐकू येईल इतपत दार उघडं ठेवायचा. मुलगी अरवा इंडियन स्कूलमध्ये अकरावीत होती आणि तिचं बापाविषयीचं मत जरा वेगळं होतं. "अब्बा, यू आर फेमस फॉर फाइंडिंग अ डॉल," असं तिनं एकदा जेवताना म्हटलं. बदरुद्दीननं मराठीत उत्तर दिलं की डॉल असली तरी ती सापडते ना. मुलीनं खांदे उडवले आणि डाळ वाढून घेतली.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना निताकत आलं. म्हणजे सरकारनं ठरवलं की कंपनीत अमुक इतके सौदी हवेत. असले तर हिरवा रंग, कमी पडले तर पिवळा, अगदीच नसले तर लाल, आणि लाल म्हणजे परदेशी कामगारांचे इकामे अडकले. बदरुद्दीनची कंपनी पिवळ्यात होती आणि लालकडे झुकत होती. तेव्हा कोणकोणत्या जागा सौदींना देता येतील याची शोधाशोध सुरू झाली. ज्या जागेसाठी कारखाना चालवता यावा लागत नाही, ज्यात टोपी आहे, शिट्टी आहे आणि महिन्यातून एकदाच काम आहे, अशी एक जागा इस्मतच्या नजरेस पडली. त्याची नजर कच्ची नव्हती.

अशा रीतीनं अदनान आला. तो खमीस मुशैतचा, चाळिशी गाठलेला, पोट सुटलेला आणि स्वभावानं थंड. आधी तिकडच्या डोंगरात पाण्याचा टँकर चालवायचा. बदरुद्दीननं त्याला वर्षभरात तयार करायचं आणि मग जागा त्याच्या हवाली करून गावची वाट धरायची, असा हुकूम होता. आपल्याच हातानं आपल्या ताटात दुसऱ्याला वाढायचं म्हणजे काय, ते बदरुद्दीनला विचारा. "आयत्या बिळावर नागोबा," असं गुणाजी म्हणाला, आणि दोघांनी मिळून अदनानची वर्षभर यथेच्छ टवाळी केली.

टवाळीला तो जागाही भरपूर देत असे. सराव गुरुवारी दुपारी असायचा, आणि गुरुवारी दुपारी अदनान आपली जीप काढून खमीसच्या वाटेला लागलेला असायचा. तिथे त्याची म्हातारी आई होती, आणि ती दर आठवड्याला नव्यानं आजारी पडत असे. वर्षभरात तो एकाही सरावाला आला नाही. त्याची हजेरी मात्र दर वेळी लागली. ती बदरुद्दीन लावायचा, कारण हजेरी नाही तर प्रशिक्षण नाही, प्रशिक्षण नाही तर कंपनी लाल, आणि कंपनी लाल तर सगळ्यांचेच इकामे आले गोत्यात. अदनानचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. शनिवारी रात्री परत आला की रविवारी तो बदरुद्दीनला डोंगरातला मध आणून द्यायचा. सौदी रिवाजाप्रमाणे तो त्याला मुलीच्या नावानं हाक मारायचा, "अबू अरवा", म्हणजे अरवाचा बाप. मध साबिरा ठेवून घ्यायची. तो चांगला असायचा, आणि याचा बदरुद्दीनला जास्तच राग यायचा.

वर्ष संपत आलं. शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी बदरुद्दीन अदनानला शेड दाखवायला घेऊन गेला. वर्षभर ज्याला इथे पाय ठेवायला सवड झाली नाही त्याला निदान दार कुठे आहे ते तरी ठाऊक असावं, असा कुत्सित विचार त्यात होता. दोघांनी धुळीचे मास्क लावले, पुढे काचेची ढाल असलेली हेल्मेटं घातली आणि डोंगराच्या कडेकडेनं चालत ते शेडच्या मध्यावर आले. तिथे लोडरनं खालून माल उपसून नेला होता आणि वर पापुद्रा छतासारखा पुढे आला होता. बदरुद्दीन थांबला. त्याच्या अंगात शिक्षक संचारला.

"ये देख," तो हिंदीत म्हणाला, "सब से बडा रूल. ऐसा लटकता हुआ दिखा, तो उसके नीचे कभी खडा नहीं रहने का."

हे तो त्याच लटकत्या कड्याच्या अगदी खाली उभा राहून सांगत होता.

अदनाननं वर पाहिलं. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. आईचा होता. फोनवर बोलायला तो मास्क काढत बाजूला गेला, चांगला लांब गेला. बदरुद्दीननं मनात म्हटलं, घ्या, हा यांचा अभ्यास. आणि मोठ्यानं काही बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच वरून ट्रकचा फाळका पडावा तसा आवाज झाला. पुढचं त्याला दिसलं नाही.

आधी त्याला वाटलं आपण मेलो. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीत रुतला, तेव्हा कळलं की मेलेल्याला पट्टा रुतत नाही. पापुद्र्याची एक जाड लादी तिरपी पडून त्याच्या तोंडापुढे अडकली होती आणि तिच्याआड ओंजळभर पोकळी राहिली होती. तेवढ्यात श्वास घेता येत होता. बाकी सगळं अंग चहूकडून आवळलेलं. छाती फुगवावी तर युरिया फुगू देत नव्हता. एक हात तोंडापाशी होता, दुसरा कुठे होता ते त्या हातालाच माहीत. काळोख असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, याचाही पत्ता लागत नव्हता.

बदरुद्दीन घाबरला. वाईट घाबरला. चार वर्षांचा असल्यापासून पाठ असलेला कलमा त्यानं म्हणायला घेतला आणि अर्ध्यावर विसरला. पुन्हा पहिल्यापासून घेतला. मग त्याला लांबून, फार लांबून, शिट्टी ऐकू आली.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! माणसं जमली. त्याची माणसं, त्यानं शिकवलेली. आपण नसताना शिट्टी गुणाजीनं घ्यायची हेसुद्धा त्यानंच ठरवून दिलं होतं, आणि ही फुंक गुणाजीचीच होती, शेवटाला जरा फाटणारी. दुसरी शिट्टी झाली: कांब खुपसा. तिसरी झाली: कांब काढा, एक पाऊल पुढे. काय ती लय! एक शिट्टी चुकत नव्हती. बदरुद्दीन कौतुकानं ऐकत राहिला, आणि मग शिट्टी कुठून येते आहे ते त्याच्या ध्यानात आलं. ती डावीकडून, पार टोकाकडून येत होती. ईशान्य कोपऱ्यातून.

मंडळी त्याला नवव्या खांबापाशी शोधत होती.

आपण शेडच्या मध्यावर आहोत आणि ओळ कोपऱ्यातून निघाली आहे. पाऊल पाऊल, शिट्टी शिट्टी, नियमानं, शिस्तीनं. या चालीनं ओळ आपल्यापर्यंत पोचेल, जरूर पोचेल, सूर्य बुडताना, मगरीबच्या नमाजाच्या सुमाराला. ओंजळभर हवा तोवर पुरणार होती थोडीच? तो ओरडला. "अरे इकडे! गुणाजी, इकडे रे!" आवाज त्याच्याच कानांत कोंबला गेला. पुस्तकात एक पान होतं, की गाडलेल्याला वरचं ऐकू येतं पण वरच्यांना गाडलेल्याचं ऐकू येत नाही. ते पान त्यानं पथकाला कधी शिकवलंच नव्हतं, कारण भाऊसाहेबांना त्याचा उपयोग नव्हता.

मग त्यानं शिव्या द्यायला घेतल्या. आधी गुणाजीला दिल्या, गाढवाला एवढी अक्कल नाही म्हणून. मग इस्मतला, त्याच्या आलेखाला, ऑस्ट्रियाला. शिव्या देऊन दम लागला तेव्हा शिव्या खायला उरला तो स्वतःच, आणि स्वतःला देण्यासारखी शिवी कोकणी बोलीत असूनही तोंडातून निघेना. त्यानं पढवलं होतं तसंच ती माणसं वागत होती. रडू आलं. साबिराला ही बातमी सांगायला इस्मत जाईल, आणि तो मेला आधी हेच सांगेल की पथक किती चपळाईनं जमलं. अरवा काय म्हणेल? ती काही म्हणणार नाही, आणि त्या न म्हणण्याच्या विचारानं त्याला आणखी हुंदका आला. हुंदक्यानं हवा खर्च होते हे लक्षात येऊन त्यानं तोही आवरला. शिट्ट्या चालूच होत्या. त्याला झोप यायला लागली, आणि ही झोप बरी नव्हे हे त्याला समजत होतं.

अशात डोक्यावर काहीतरी खरवडलं. शिट्टी नाही, लय नाही, पद्धत नाही. भाताच्या हंड्यात कुणी उलथनं घालून ढवळावं तसं कोणीतरी वरून भसाभस खुपसत होतं. एक फटका दंडात बसला. दुसरा बरगडीत. तिसरा हेल्मेटवर टणकन बसला, आणि वरून जड आवाज आला, "अबू अरवा! ओ अबू अरवा!"

अदनान होता. पेटीतून एक कांब ओढून आणून त्यानं ती उलटी धरली होती, मुठीची जाड बाजू खाली. इतकी चुकीची कांब कोणी धरलेली बदरुद्दीननं पाहिली असती तर सराव थांबवून त्याला बाहेर काढलं असतं. कांब टाकून अदनान हातांनी उकरू लागला, लादी त्यानं पायानं मोडली, आणि शेवटी कॉलरला धरून बदरुद्दीनला उपसून बाहेर ओढलं. बाहेरही पांढराच धुरळा होता, पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं, पण हवा होती. भरपूर होती. बदरुद्दीन ती नुसती खात राहिला. बोलायला जावं तर घशातून शब्दच निघत नव्हता.

"मैं बोला, इधर है, इधर है," अदनान धापा टाकत सांगू लागला. त्याचं हिंदी टँकरवाल्या पाकिस्तान्यांकडून आलेलं होतं. "बहुत बोला. वो बोलता, लाईन, लाईन. सब मजनून है, पागल."

बदरुद्दीननं हातानं विचारलं: तुला कसं कळलं?

अदनानला प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि तो त्याच्याकडे जरा काळजीनं पाहू लागला, डोक्याला मार तर लागला नाही ना अशा नजरेनं. "तुम इधर खडा था," तो म्हणाला. "मैं देखा. फिर किधर जाएगा?"

एका वर्षात या माणसानं एकही सराव केला नव्हता. माणूस कायम नवव्या खांबापाशीच सापडतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. बदरुद्दीननं त्याचा युरियानं माखलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हळूहळू धुरळा बसायला लागला, तशी डावीकडून ओळ दिसू लागली. वीस माणसं खांद्याला खांदा लावून, पांढरी भुतं झालेली, पुढे सरकत होती. नजर कांबीच्या टोकावर. कान शिट्टीकडे. अदनान उठून उभा राहिला आणि दोन्ही हात हलवत ओरडला, "खलास! मिल गया! खलास!" ओळीतून एक मान वर झाली नाही. गुणाजीचा आवाज तेवढा आला, रडका आणि संतापलेला: "ए, बीच में मत बोल! लाईन टूटेगा!" आणि पुन्हा शिट्टी.

बदरुद्दीन पाहत राहिला. गुणाजी मधोमध होता. एका हातानं कांब, दुसऱ्या हातानं शिट्टी, आणि गालांवरून वाहणाऱ्या पाण्यानं तोंडावरच्या युरियाचा चिखल झालेला. कांब खुपसताना तो दर वेळी काहीतरी पुटपुटत होता. त्याच्या शेजारचा बांगलादेशी दुआ मागत होता. कोणी कामचुकारपणा करत नव्हतं, कोणी आलेखासाठी करत नव्हतं. चहा आला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. इतक्या जिवापाड आपल्याला कोणी शोधेल असं बदरुद्दीनला कधी वाटलं नव्हतं. आता ते डोळ्यांनी दिसत होतं, आणि ते भलत्याच जागी चाललं होतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना, आणि दोन्ही करायला छातीत ताकद नव्हती.

हाक मारणं शक्य नव्हतं. ओळ थांबणार नव्हती, कांबीला माणूस लागल्याखेरीज थांबायचं नाही हे त्यानंच ठरवलेलं होतं. मग एकच इलाज होता. त्यानं अदनानला खूण केली. अदनाननं त्याला काखेत हात घालून उठवलं, ओढत, अडखळत ओळीच्या वाटेवर आणलं, आणि गुणाजीच्या समोर चार पावलांवर नेऊन बसवलं. बदरुद्दीन पाय पसरून बसला आणि वाट पाहू लागला.

शिट्टी झाली. पाऊल. खुपस. शिट्टी. पाऊल. गुणाजीच्या कांबीचं टोक पांढऱ्या ढिगावरून पुढे आलं आणि बदरुद्दीनच्या बुटावर टेकलं. किंचित दबलं आणि परत वर आलं.

"लागलं!" मान खाली ठेवूनच गुणाजी ओरडला, अगदी नियमाप्रमाणे, आणि सबंध ओळ जागच्या जागी थांबली.

मग त्याची नजर बुटावरून गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून वर गेली. कांब हातातून पडली. तो गुडघ्यांवर आला आणि बदरुद्दीनचं तोंड, खांदे, हात चाचपून पाहू लागला, बाजारात कोंबडी पाहावी तसं.

"जिता हायेस ना रं?"

बदरुद्दीननं मान हलवली.

"कुठं होतास तू?"

बदरुद्दीननं हात वर करून मागे दाखवलं, शेडच्या मध्यावर, जिथे कडा ढासळला होता आणि अदनाननं उकरलेला खड्डा होता. गुणाजीनं तिकडे पाहिलं. मग मागे वळून नवव्या खांबाकडे पाहिलं. पुन्हा खड्ड्याकडे पाहिलं. तो एकदम भडकला, खराखुरा भडकला, बदरुद्दीनचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवत ओरडला,

"मग तिकडं कशाला मरायला गेलावतास? आम्ही सगळी तुला इकडं शोधतोय!"